नेफ्यातले दोन छर्रे

सायकल कामाशिवायही चालवतात, हे मला जबलपूरला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या गावी, गोंदियाच्या अलीकडे, सायकलवरून दळण जायचं, आजारी माणूस जायचा, कोणी वारलं की निरोप जायचा. मागचं कॅरिअर रिकामं आणि माणूस घाईत, असं दिसलं की लोक दारात येऊन विचारत, "काय झालं बाप्पा?" रिकामी सायकल म्हणजे वाईट बातमीच.

सातवीत होतो तेव्हा वडील गेले आणि शाळा सुटली. सुटली म्हणतो, कारण सोडली म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं. चार-पाच वर्षं पडेल ते काम केलं. चीनच्या लढाईनंतर जबलपूरच्या कारखान्यांत माणसं घेऊन राहिले असं कानावर आलं, तसा अठरा पुरी झाल्यावर छोट्या लाईनच्या गाडीत बसलो. आईच्या लेखी जबलपूर म्हणजे परदेश. शेजारच्या मास्तरांकडून ती पत्र लिहवून घ्यायची आणि प्रत्येक पत्रात तेच विचारायची, तिकडचं पाणी बाधत तर नाही, तिकडचे लोक तुला काय म्हणून हाक मारतात.

मला तोफेचे गोळे भरण्याच्या विभागात घेतलं. नोकरी कच्ची होती. कच्ची म्हणजे साहेबाने उद्यापासून येऊ नको म्हटलं की गेटावर बिल्ला परत करायचा आणि चालू लागायचं. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनीऑर्डरीवर होत्या. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी कारखान्यात असा वावरलो, की जणू कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहे. भोंगा व्हायच्या अर्धा तास आधी पोचायचो. कोणी हाक मारली की आधी हातातलं काम तपासायचो, काही चुकलं का, मग ओ द्यायचो.

कांचघर मोहल्ल्यात खोली मिळाली ती भाऊंमुळे. ते पलीकडच्या घरात राहत, आणि माझ्याच विभागात पक्क्या नोकरीत होते. त्यांचे आजोबा कधीकाळी कोणाच्या तरी चाकरीत इकडे आले, तेव्हापासून घर इथलंच. त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी असायची, आणि माझ्या मराठीची ते थट्टा करत. वहिनींना हाक मारून म्हणत, "सुनते हो, आपले मले-तुले आले. चहा टाका."

वहिनी आतून म्हणायच्या, "तुमच्यापेक्षा बरं बोलतात ते. तुम्ही तर धड मराठे नाही नि धड इथले नाही."

आमचं काम असं होतं. वाफेवर तापवलेल्या मोठ्या देगेत बारूद वितळलेली असे, पातळ पिठल्यासारखी पिवळी. ती पितळी पळीने गोळ्यांच्या उघड्या तोंडांत ओतायची. लोखंड तिथे चालत नसे. लोखंडावर लोखंड घासलं आणि ठिणगी उडाली तर सगळी इमारत जाईल, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. म्हणून आत जाण्याआधी कपडे बदलायच्या खोलीत थांबायचं. खोलीच्या मधोमध गुडघ्याएवढी लाल फळी आडवी होती. फळीच्या अलीकडे घरचे कपडे, चपला, अंगठी, किल्ली, तावीज, सगळं खुंटीला. फळीवर बसून पाय पलीकडे टाकायचे, की तिकडे कारखान्याचे कपडे. त्यांना खिसा नाही, बटण नाही, बांधायला नुसते बंद. जोड्याला खिळा नाही. अंगावर घरची फक्त आतली चड्डी राहायची. फळीपलीकडे झडतीवाला उभा असे, तो वरवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "चलो."

त्या बारुदीने माणूस पिवळा पडतो. आधी नखं, मग तळहात, मग उशीची खोळ. डोकं सतत जड. कारखाना रोज गुळाचा खडा द्यायचा, तो खाऊन बरं वाटायचं की नाही देव जाणे, पण चुकवत कोणी नव्हतं.

एका रविवारी मी दुपारी पडलो होतो, तर भाऊ दारात. "काय करून राहिला?"

"पडलो आहे. डोकं दुखते."

"पडून बारूद आतच राहते. ऊठ. हवा लागली पाहिजे."

"जायचं कुठे?"

"काहून, कुठे तरी गेलंच पाहिजे का?"

असं ते सुरू झालं. ओमतीला एका दुकानात मी जुनी सायकल घेतली. दर रविवारी आम्ही दोघं निघायचो. कांचघरहून ओमती, नेपियर टाउनच्या सावलीच्या रस्त्याने मदनमहाल, तिथून पुढे मन होईल तिकडे. कधी नर्मदेवर ग्वारीघाट, कधी तिलवारा, कधी भेडाघाट. भाऊ हळू चालवायचे. चढ आला की उतरून सायकल हातात धरून चालायचे आणि म्हणायचे, "आपल्याला कुठे हजेरी लावायची आहे." परत येताना खोव्याची जलेबी. मी सुरुवातीला सारखा मागे वळून पाहायचो. वाटायचं, कोणी ओळखीचं भेटलं आणि विचारलं, कुठे चाललास, तर काय सांगू. पाच-सहा महिन्यांनी ती मान वळायची थांबली. रविवारी संध्याकाळी अंगाला वारा लागून, पाय दुखून मी खोलीवर यायचो, आणि तेवढी एक झोप बिनाभीतीची लागायची. माझ्या जन्मात कोणी मला फुकट काही दिलं असेल तर ते भाऊंनी हे दिलं.

पासष्ट साली लढाई लागली. शहरात अंधार पाळायचा हुकूम झाला, सायकलच्या दिव्यांच्या काचा वरून अर्ध्या काळ्या रंगवून घेतल्या. कारखान्यात पाळ्या लांबल्या आणि रविवारची सुट्टी बंद झाली. गोळे भरून बाहेर पडायचे आणि लगेच रेल्वेच्या डब्यात चढायचे. आमच्या हातून गेलेला गोळा चार दिवसांत कुठल्या तरी तोफेत असेल, असं सुपरवायझर सांगायचे. साधे कटनीकडचे गृहस्थ, पण त्या दिवसांत तेही भाषण केल्यासारखे बोलायचे.

अशात एका रविवारी देगेच्या वाफेची नळी फुटली आणि आमच्या इमारतीला एक दिवसाची सुट्टी मिळाली. भाऊ म्हणाले, "चल. पुन्हा कधी मिळते कोण जाणे." भेडाघाटला गेलो. घाटावर फिरायला आलेलं कोणी नव्हतं, नावाडी पत्ते खेळत बसले होते. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो.

परतताना माझ्या पुढच्या चाकातून करकर आवाज यायला लागला. भाऊंनी एका मोहाच्या झाडाखाली सायकल उलटी केली, पाने-पक्कड काढले, आणि चाकाचा मधला डबा उघडला. आतले दोन-तीन छर्रे फुटले होते. छर्रे म्हणजे ज्यांच्यावर चाक फिरतं त्या पोलादी गोळ्या, वाटाण्यापेक्षा लहान. भाऊंच्या सीटखालच्या पिशवीत ग्रीसची एक डबी असायची, तिच्यात जास्तीचे छर्रे बुडवून ठेवलेले. त्यांनी नवे बसवले, चाक फिरवून पाहिलं. त्यांना पुढे गढ्याला एका नातेवाइकाकडे थांबायचं होतं, मला एकट्याला जायचं होतं. म्हणून त्यांनी आणखी दोन छर्रे पुसून माझ्या हातावर ठेवले. "राहू दे जवळ. वाटेत पुन्हा फुटले तर कोणाकडूनही बसवून घे."

सदऱ्याचा खिसा फाटलेला होता. मी ते दोन छर्रे चड्डीच्या नेफ्यात सरकवले.

आता हे लिहिताना वाटतं की दुसऱ्या कोणीही ते कागदात गुंडाळून कॅरिअरला बांधले असते. पण आमच्या घरी जे हरवू नये ते नेफ्यात जायचं. शाळेत होतो तेव्हा पेन्सिलीचा तुकडा तिथे, जत्रेला जाताना आणे तिथे. नाडी जिथून बाहेर येते त्या भोकातून आत ढकलायचं, की वस्तू सुरक्षित. आईनेच लावलेली सवय. मी विचार केला नाही, हात आपोआप तिकडे गेला.

वाटेत काही फुटलं नाही. खोलीवर आलो, जेवलो, थकून तसाच झोपलो. सकाळी उठायला उशीर झाला. माझ्या नोकरीतला तो पहिला उशीर. आंघोळ न करता, कालचीच चड्डी, सायकल मारत गेट गाठलं, खुंटीला कपडे टाकले, फळीवरून पाय टाकले. झडतीवाल्याने हात फिरवला. "चलो."

माझी जागा लाकडी पायरीवर होती. पायरीखाली ओळीने गोळे उभे, तोंडं वर, उघडी. मी पळीने ओतायचो, ओळ भरली की गाडी पुढे सरकायची, नवी यायची. दुपारच्या भोंग्याच्या थोडं आधी कमरेला खाज आली. पळी बाजूला ठेवून कपड्यावरूनच खाजवलं, तर बोटाला काहीतरी टणक लागलं.

पहिल्यांदा मला कळलंच नाही ते काय आहे. मग कळलं. मी नेफा सगळा बोटांनी चाचपत गेलो, पुढून मागे, मागून पुढे. एकच होता. दुसरा नव्हता.

तो अंथरुणात पडला असेल. रस्त्यात पडला असेल. कपडे बदलायच्या खोलीत पडला असेल. किंवा मी पळी घ्यायला वाकलो तेव्हा नेफ्यातून सुटून, पायजम्याच्या पायातून घरंगळत, खाली एखाद्या अर्धवट भरलेल्या गोळ्यात गेला असेल आणि वरून मीच पिवळं ओतलं असेल. गरम बारुदीत पडलेल्या एवढ्याशा गोळीचा आवाज होत नाही. सकाळपासूनच्या गाड्या पुढच्या इमारतीत गेल्या होत्या. असा गोळा तोफेत घातला आणि आत लोखंडाचा दाणा घासला तर तो तोफेच्या नळीतच फुटेल. मरतील ती आपली माणसं. आणि त्यांना कोणी मारलं, हे कधीच कोणाला कळणार नाही.

कधीच कोणाला कळणार नाही, हे मला लगेच सुचलं, तेही सांगतो.

जेवणाची सुट्टी झाली. मी संडासाकडे गेलो, राहिलेला छर्रा काढून तळहातावर घेतला. समोर नाली वाहत होती. हात उलटा केला असता तर संपलं असतं. माझ्याकडे काही नव्हतं, मी कधी काही आणलं नव्हतं. आणि सांगायला गेलो तर? कच्चा माणूस, लढाईचे दिवस, बारुदीच्या खोलीत लोखंड. बिल्ला जाईल हे तर नक्की. वर तुरुंग. आईला मास्तर पत्र वाचून दाखवतील. मी काहीच ठरवलं नाही. छर्रा मुठीत धरून परत आलो आणि भाऊंच्या बाजूला बसलो.

ते जेवून गूळ चघळत होते. माझा खडा तसाच पडलेला पाहून म्हणाले, "काहून? गूळ कडू झाला का?"

मी मूठ उघडली.

भाऊंनी आधी छर्ऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठे होता?"

"नेफ्यात."

"दोन दिले होते मी."

"दुसरा नाही."

त्यांनी तोंडातला गूळ संपवला. "आणखी कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नको. दे इकडे."

मला वाटलं ते नालीत टाकतील. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. ते उठले, छर्रा हातात घेऊन सरळ सुपरवायझरकडे गेले. मी इतका जवळ होतो की प्रत्येक शब्द ऐकला.

"साब, काम रोक दीजिए. गाड़ियाँ भी रोकिए, जो आगे गईं वो भी."

"क्यों?"

"मेरे पास साइकिल के दो छर्रे रह गए थे. एक ये है. दूसरा नहीं मिल रहा."

सुपरवायझर हसले, त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी छर्रा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. भाऊंनी मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी मान हलवली की नाही, ते आज मला आठवत नाही. मी मात्र जागचा हललो नाही.

इमारत थांबली. देग रिकामी केली, फरशी हातांनी चाचपली, मोरी उपसली. सकाळपासूनचे सगळे गोळे बाजूला काढले, पुढच्या इमारतीत गेलेलेही. एकेक वाफेवर वितळवून उलटा करायचा आणि पिवळं पाणी चाळणीतून जाऊ द्यायचं. ते काम पुढे कित्येक दिवस चाललं, तेही सीमेवरून रोज मागणी येत असताना. मी त्या चाळणीवर होतो. प्रत्येक वेळी चाळणीत काही खडखडलं की वाटायचं, सापडला. छर्रा सापडला नाही. माझ्या खोलीत नाही, आमच्या गल्लीत नाही, कुठेच नाही.

भाऊंना त्याच दिवशी सुरक्षेच्या लोकांनी नेलं. तीन दिवस घरी आले नाहीत. त्यांची सायकल जप्त केली, तिचे सगळे सांधे उघडून छर्रे मोजले, तर पूर्ण भरले. मग त्यांना विचारलं, तुझ्या सायकलचे तर सगळे आहेत, मग हे कुठले? ते म्हणाले, जास्तीचे. नेफ्यात ठेवले होते, विसरलो.

चौथ्या दिवशी मला बोलावलं. टेबलामागे दोघं होते. एकाने विचारलं, "उसके साथ साइकिल पर घूमते हो?"

"जी."

"क्यों? कहाँ जाते हो?"

"ऐसे ही."

"ऐसे ही कोई पच्चीस मील जाता है?"

गावी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

"छर्रा उसी का था?"

छर्रा त्यांच्याच डबीतला होता. मी त्या एका गोष्टीला धरून म्हणालो, "जी, उन्हीं का." त्यांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली, वळणदार. सातवीपर्यंतच्या शाळेने मला सही तेवढी चांगली शिकवली होती.

भाऊंचा हिशेब असा होता की कच्च्या माणसाला हाकलतील, पक्क्याला फार तर दंड करतील. हिशेब चुकला. चौकशी करणाऱ्यांचं म्हणणं, नवा माणूस विसरू शकतो, हा इतक्या वर्षांचा जुना, याला नियम तोंडपाठ. हा विसरेल कसा? भाऊंना काही महिने घरी बसवलं. कांचघरच्या गल्लीत पोरं त्यांच्या दारावरून "जासूस, जासूस" करत पळायची. दूधवाला दूध दाराबाहेर ठेवून जायला लागला. आणि मी, पलीकडच्या घरात राहणारा, मी मागच्या रस्त्याने कामाला जायला लागलो. कोणी पाहिलं तर, ही भीती. भीती माझी सगळ्यात जुनी सोबतीण.

लढाई थांबली. भाऊंना परत घेतलं ते खालच्या पगारावर, आणि जळाऊ मैदानावर. खराब झालेली, सांडलेली, उरलेली बारूद तिथे उघड्यावर पसरून जाळतात. त्याच हिवाळ्यात मी पक्का झालो. त्याचा कागद हातात पडला त्या संध्याकाळी मी पुढच्या रस्त्याने आलो आणि त्यांच्या दारात उभा राहिलो.

भाऊ म्हणाले, "आले मले-तुले." आवाजात खोकला होता. पोत्यात काहीतरी भरून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. सुरक्षावाल्यांनी सायकल परत केली होती ती अशी, सुटी सुटी.

"मी बसवून देतो," मी म्हणालो. "रविवारी बसतो. संध्याकाळपर्यंत होईल."

"राहू दे."

"भाऊ, मी सायबाला सांगतो. आता मी पक्का आहे."

"म्हणूनच नको सांगू," ते म्हणाले. "पक्का होण्यासाठीच तर केलं ना हे सगळं. तू आता खेळ बिघडवू नको. बहिणीचं जमलं का कुठे?"

बहिणीचं जमलं होतं. मी तसं सांगितलं, तर त्यांना खरंच बरं वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी जळाऊ मैदानावर ओलसर बारूद एकाएकी पेटली. स्फोट नाही, नुसता भपका. भाऊंचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले. डोळे वाचले. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली, पंज्यासारखी. कागदावर या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. छर्रा वेगळा, भपका वेगळा. मीही कधी कधी स्वतःला तसं सांगून पाहतो. पण त्या मैदानावर माझी जागा होती.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. मग मी म्हणालो, "वहिनी, तो छर्रा माझ्याजवळ होता."

त्या समोर पाहत म्हणाल्या, "माहीत आहे."

"भाऊंनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतात. त्यांच्या चड्ड्या मी शिवते. लग्न झाल्यापासून कापडी बटणाच्या शिवते, नेफा नाहीच, त्यांना नाडी टोचते. ज्या दिवशी ऐकलं की नेफ्यात सापडला, त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही कोणाला?"

"बोलणार होते. पदर खोचून निघाले होते. त्यांनी दारात अडवलं. म्हणाले, त्याच्या घरी तिघी आहेत, आपल्या घरी दोघंच." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मला मूल नाही, ते असं कामी आलं."

मी खाली पाहिलं. त्यांच्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि दोऱ्याने शिवला होता.

"आता एक करा," त्या म्हणाल्या. "घरी येत जाऊ नका. तुम्ही आलात की ते हसतात, तुमची थट्टा करतात. तुम्ही गेलात की दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडतात. माझ्याच्याने ते पाहवत नाही."

मी गेलो नाही. खोली सोडली, दुसरीकडे घेतली. एकदा सुपरवायझरना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं, आणि म्हणाले, "देख, वो फ़ाइल बंद है. खुलेगी तो उसका झूठा बयान भी खुलेगा. भाजल्याचं जे थोडं मिळणार आहे ते पण जाईल." आमच्याबरोबर राहून त्यांना एवढी मराठी येत होती. "घर जा."

भाऊंना पुढे तब्येतीवर नोकरी सोडावी लागली आणि ते दोघं वहिनींच्या भावाकडे छिंदवाड्याला गेले. मी तिथेच राहिलो. दोन्ही बहिणींची लग्नं केली, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, स्वतःचंही लग्न झालं. जे काही उभं राहिलं ते सगळं त्या बिल्ल्यावर, आणि मी ते रोज जाणतो. सायकल मी फक्त कामाला वापरली. रविवारी ती भिंतीला असायची.

त्या प्रकारानंतर कपडे बदलायच्या खोलीत नवा नियम आला होता. लाल फळी ओलांडली की प्रत्येकाने हात वर करून उभं राहायचं आणि झडतीवाला दोन्ही अंगठ्यांनी नेफा चाचपायचा, पूर्ण कमरेभोवती. थंडीत, उघड्या अंगाने, रांगेत. लोकांना त्याची लाज वाटायची, म्हातारे तर चिडायचे. आणि रोज सकाळी कोणी ना कोणी म्हणायचं, "उस मराठे की मेहरबानी." नवी पोरं विचारायची, कौन मराठा? मग जुने सांगायचे, एक जासूस था. मी रांगेत असायचो.

बरीच वर्षं गेली. एका सकाळी गेटावर एकाने सांगितलं की छिंदवाड्याला भाऊ वारले, दोन आठवडे झाले. मी कपडे खुंटीला टाकले, फळी ओलांडली, रांगेत उभा राहिलो. पुढचा माणूस हात वर करताना नेहमीसारखा म्हणाला, "खुद तो मर गया मराठा, ये नियम छोड़ गया."

"वो जासूस नहीं था," मी म्हणालो. "छर्रा मेरा था. मेरे नेफे में था."

तो वळून पाहायला लागला. मागच्या दोघांनी ऐकलं. एक म्हणाला, "क्या दादा, सुबह-सुबह." दुसरा म्हणाला, "अरे उनका पड़ोसी था, दुख में बोल रहे हैं." पुढच्याने समजूत घालावी तसं माझ्या खांद्यावर थोपटलं. मी पुन्हा म्हणालो, मेरा था. भोंगा झाला तेव्हा रांग सरकली, आणि माझी पाळी आली.

झडतीवाला म्हणाला, "हाथ ऊपर, दादा."

मी हात वर केले. त्याने माझा नेफा पुढून मागे, मागून पुढे चाचपला, आणि मला आत सोडलं.